पुढच्याचं पाऊल

जठारपेठ, अकोला
१२ मे २०२४

चि. रागिणीस, दादाचे आशीर्वाद.

फोनवर आपलं भांडण होतं, म्हणून लिहितो. बाबा पलंगावरून पाय खाली टाकत नाहीत. फरशीकडे बघतात अन् पाय वर घेतात. डॉक्टर म्हणतात, पाय धड आहेत, पण असंच राहिलं तर कायमचे अंथरुणाला खिळतील. तुझ्याकडे राहत होते तेव्हा असं करायचे का? तुझ्या डायरीत माझ्याबद्दलच्या तक्रारींशिवाय काही असेल तर बघ.

तुझा,
गोपाल

अमरावती
१६ मे २०२४

ती. दादास सा. न. वि. वि.

डायरी उघडावी लागली नाही. बाबा शांतिसेनेत श्रीलंकेत होते, तेव्हा पायवाटांवर सुरुंग असायचे. पुढच्या जवानाच्या पावलातच पाऊल ठेवायचं. बाबांच्या पुढे कायम अंजनगावचे देवराव. त्यांचं पाऊल लहान, म्हणून मी चवड्यावर चालायचो, असं बाबा हसून सांगत. देवराव कसे गेले, हे विचारलं की एवढंच म्हणत, मी मागं होतो म्हणून घरी आलो.

आमच्या अंगणातल्या मातीत ते माझ्या मागूनच, माझ्या ठशांत पाऊल ठेवून चालायचे. मी त्यांना शेपूट म्हणून चिडवायचे. गेल्या पावसाळ्यात ते चिखलात घसरले आणि मी फरशी बसवली. तेव्हापासून ते अंगणात आले नाहीत. मी त्याला आळस म्हटलं. फरशी त्यांच्यासाठी बसवली की मला झाडायला सोपं जावं म्हणून, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

एक कर. पाय ओले करून त्यांच्या पुढे चाल.

आहे ती माया तशीच राहू द्यावी.

तुझी,
रागिणी

अकोला
२० मे २०२४

चि. रागिणीस, आशीर्वाद.

तुझं ऐकलं. ओल्या पायांनी पलंगापासून दाराकडे निघालो. बाबा उठले. पहिल्या ठशावर चवडा ठेवला, मग दुसऱ्यावर. तुझी वहिनी देवापुढे साखर ठेवायला धावली. तेवढ्यात त्यांनी मागून माझा सदरा धरला. म्हणाले, “नको जाऊ बापा पुढं. देवराव, ऐक ना.”

मी गोपाल आहे म्हणून सांगून पाहिलं. सदरा सोडेनात. मलाच ओढून पलंगावर बसवलं. काल पुन्हा तेच झालं. पुढे कुणी असल्याशिवाय त्यांना चालता येत नाही, आणि आता पुढे ते कुणालाच जाऊ देत नाहीत.

फरशीचं मनाला लावून घेऊ नकोस. माती असती तरी एक दिवस त्यांनी तुझाही पदर धरलाच असता.

हे लिहितानाही सदऱ्याचं टोक त्यांच्या मुठीत आहे. तू येशील तेव्हा शेजारी बस. त्यांच्या पुढून चालू नकोस.

तुझा,
दादा