सेशेल्सचा रुपया, मॉरिशसचा जावई

।। श्री ।।
नारपोली, भिवंडी
३ ऑगस्ट २०२५

चि. वल्लरीस तात्यांचे अ. उ. आ.

तुझं पत्र तुझ्या आईच्या मोबाइलवर आलं आणि मी चष्मा पुसून पुसून वाचलं. फोनवर सांगितलं नाहीस हे बरं केलंस. शेजारच्या पॉवरलूमच्या खडखडाटाने माझे कान कधीच खाल्ले. तू तिकडून ओरडली असतीस आणि मला सोडून सगळ्या गल्लीला बातमी कळली असती.

तर मॉरिशसचा मुलगा! पिढ्यांपूर्वी कोकणातून गेलेलं मराठी घराणं, तुझ्याच सेशेल्समध्ये बंदरावर इंजिनिअर, देवळात गणपतीच्या आरतीला ओळख. लग्नानंतर कायमचं मॉरिशसला राहायचं. पत्रिका बघायची नाही म्हणतेस, ठीक. पण बापाने उभी हयात बँकेत परकीय चलनाच्या काउंटरवर काढली आहे, तेव्हा मी माझ्या पद्धतीने गुण जुळवले. दोन्ही देशांच्या रुपयांचे जुने दर काढून तक्ता सोबत जोडला आहे. आज सेशेल्सच्या एका रुपयाला मॉरिशसचे तीन येतात. वर्षानुवर्षं मॉरिशस खालीच. अगं, आपल्या पायाने घसरगुंडीवर जाऊन बसतेस की काय?

तिथल्या हॉस्पिटलातला तुझा नोकरीचा करार मार्चमध्ये संपतो, मग तू घरी येणार असं ठरलं होतं. इकडे काल्हेरला दौलतरावांचा मुलगा आहे. गोदामात मॅनेजर, रोज सातच्या ठोक्याला घरी जेवायला हजर. रुपयाला रुपया, हिशोब सरळ. विचार कर. तब्येतीला जप, नारळाचं फार खाऊ नकोस.

तुझे,
तात्या


व्हिक्टोरिया, सेशेल्स
९ ऑगस्ट २०२५

ती. तात्यांस, वल्लरीचा शि. सा. न. वि. वि.

तुमचा तक्ता शार्दूलला दाखवला. तो आधी हसला, मग घाबरला. मराठी तो शाळेत शिकलाय, त्यामुळे शेजारच्या तीन वर्षांच्या पोरालाही अहो-जाहो करतो. देशाचा रुपया वर आणायला जावयाने नेमकं काय करायचं असतं, असं त्याने मला अगदी गंभीरपणे विचारलं. मी म्हटलं, तात्यांनाच विचारू.

आकड्यावरून देश लहानमोठा ठरत असता तर जपान कधीच भिकेला लागला असता, हे मला शाळेत असताना तुम्हीच शिकवलंत ना? आणि हे दोन रुपये एके काळी बरोबरीचे होते, ते तुमच्या तक्त्यात कुठे दिसत नाही. तेही एक वेळ सोडा. तक्त्यात २००७ आहे, २००९ आहे. २००८ कुठे गेलं? त्या वर्षी इथला रुपया कोसळून जवळजवळ निम्म्यावर आला. आमच्या वॉर्डातल्या बायका अजून त्या महागाईच्या गोष्टी सांगतात. घसरगुंडी म्हणायची तर ती इथे होती.

रोकड जुळल्याशिवाय बँकेतून घरी न येणारे तात्या अख्खं वर्ष विसरतील? शक्यच नाही. तुम्ही ते मुद्दाम गाळलंत.

तात्या, तुमच्या होकाराशिवाय मी बोहल्यावर चढणार नाही. पण नकार द्यायचाच असेल तर खऱ्या कारणाने द्या. आईला नमस्कार. रागावलात तरी चालेल, माया पातळ करू नका.

तुमची,
वल्लरी


नारपोली, भिवंडी
१७ ऑगस्ट २०२५

चि. वल्लीस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचल्यापासून हे खोलीतच बसून आहेत. काल दहीहंडीचे ढोल दारात वाजले, तरी बाहेर आले नाहीत. ते वर्ष त्यांनी आधी लिहिलं होतं गं. मग माझ्यादेखत त्यावर पांढरी शाई फिरवली. मी हटकलं, तर पोरीला कुठून कळणार म्हणाले.

मुलाचा फोटो मात्र माझ्या मोबाइलवर मोठा करकरून बघतात आणि नाक बरं आहे असं पुटपुटतात. लेक लांब जाणार हे बोलवत नाही, म्हणून बिचाऱ्या रुपयाला नावं ठेवतायत. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! मला मुलगा आवडला. पण मला विचारतंय कोण?

तुझी,
आई (सरला)


नारपोली, भिवंडी
२० ऑगस्ट २०२५

चि. वल्लरी आणि चि. शार्दूल, दोघांस तात्यांचे अ. उ. आ.

हो, २००८ मी गाळलं. नोकरीत असतो तर मीच मला सस्पेंड केलं असतं. ते वर्ष ठेवलं की माझा मुद्दा पडत होता, आणि माझ्याजवळ दुसरा मुद्दा नव्हता. मुलात खोट शोधली, एकही सापडली नाही. फार वैताग आला.

खरं कारण हवंय ना? मार्चमध्ये तू येणार, या आशेवर मी दिवस ढकलत होतो. तू येणार नाहीस हे वाचलं आणि चष्मा पुसत बसलो. लेकीच्या सुखाच्या बातमीने बापाला रडू यावं, याची लाज वाटली.

शार्दूलराव, तुमच्या रुपयाबद्दल बोललो ते मागे घेतो. आमचाही काही फार ताठ मानेने चालत नाही. मुलगी हट्टी आहे आणि चुका बरोबर पकडते, हे एव्हाना तुम्हाला कळलंच असेल.

माझा होकार आहे. लग्न भिवंडीत होईल, कन्यादानाला मी बसेन. एकच मागणं आहे. तारीख पुढच्या वर्षावर टाकू नका, तुळशीचं लग्न लागलं की लगेच धरा. तुला लांब पाठवायचं धैर्य मी आत्ता कसंबसं गोळा केलंय. ते फार दिवस टिकेल असं मला वाटत नाही.

तुमचा,
तात्या