नकाशांची खोली

॥ श्री ॥
शिरगुंडी, ता. बेळगाव
१२ जुलै १९३१

ती. सौ. राजमतीआक्का हिचे चरणी,
वर्धमानचे शि. सा. न. वि. वि.

तुझी प्रेमला सुखरूप आहे, हे आधी लिहितो. नाहीतर तू पुढचं वाचायची नाहीस. निपाणीला मोटारीत बसल्यापासून काकती येईपर्यंत तिने माझ्या कोटाची बाही सोडली नव्हती. आता मामी भेटल्यावर माझ्याकडे ढुंकून बघत नाही.

शाळेत तिला पहिलीत, पुढच्या रांगेत नागूशेजारी बसवली आहे. हजेरीत तिचं नाव आलं की नागू कोपराने ढोसते आणि ही हात वर करते. पहिले चार दिवस पोरं हसली. आता त्यांनीच तिच्यासाठी हाताच्या खुणा बनवल्यात. पाणी, सुट्टी, छडी, सगळ्याला खूण आहे. माझी खूण म्हणजे दोन बोटांचा चष्मा.

तू तिला घरी अक्षरं गिरवायला लावलीस, त्याचा फार उपयोग होतो आहे. तापाने कान गेले तेव्हा ती दोन वर्षांची होती, आवाज तिला आठवतही नसेल. म्हणून मी वस्तू दाखवतो आणि शब्द लिहितो. काल तिने घरातल्या एकूण एक भांड्यावर खडूने नावं घातली. मामी जरा वाकली असती तर तिच्या पाठीवरही घातलं असतं.

दाजींची अट ध्यानात आहे. दिवाळीआधी ते बघायला येणार. पोरीला लिहिता आलं तर इथे राहील, नाहीतर वखारीत तंबाखूची पानं निवडायला बसेल. त्यांना सांग, खुशाल या. अगोदर कळवायचीही गरज नाही.

मुलांना आशीर्वाद. माझ्यावर आहे ती माया तशीच राहू दे.
तुझा,
वर्धमान

॥ श्री ॥
निपाणी
२ ऑगस्ट १९३१

चि. वर्धमान यास,
राजमतीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून जीव भांड्यात पडला. भांड्यावरची नावं पुसू नकोस म्हणावं भावजयीला, मी आले की बघेन.

इथे सासूबाईंचं चालूच आहे. मुकी पोर लई शिकून काय करणार, पानं निवडायला लिहावं लागतंय व्हय, असं रोज एकदा तरी म्हणतात. यांचंही मन तिकडेच झुकतं आहे.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. तुझ्याकडे पाठवण्याआधी आम्ही तिला इथल्या एका शाळेत घातलं होतं. मास्तरांनी तिला दाराजवळ पोत्यावर बसवलं. कुणी मोठा माणूस आला की तिला पोत्यासकट बाहेर काढायचे. नवव्या दिवशी मीच तिला घरी आणलं. म्हणून तुझ्याकडे एवढंच मागते, तिला सगळ्यांत बसव, आणि कुणी आलं म्हणून उठवू नकोस. बाकी तू शिकवशीलच, त्याची मला काळजी नाही.

तब्येतीला जप. पाठच्या भावाला याहून जास्त काय लिहिणार.
तुझी,
राजमती

॥ श्री ॥
शिरगुंडी
१० ऑक्टोबर १९३१

ती. सौ. आक्का हिचे चरणी,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, राग मानू नकोस. गेल्या आठवड्यात शाळा तपासायला दिपोटीसाहेब येऊन गेले. निकाल शेकडा ब्याण्णव लागला. शेरा उत्तम मिळाला. गावच्या पाटलांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली.

प्रेमला बरी आहे. जरा गप्प असते. मुक्या पोरीला गप्प म्हणतो म्हणून हसशील, पण मी काय म्हणतो ते तू इथे असतीस तर तुला कळलं असतं. भांड्यांवर लिहायचं तिने सोडलं आहे. तुझी भावजय म्हणते, दृष्ट काढायला हवी.

मलाही बरं वाटत नाही. वर्गाला लागून एक खोली आहे, तिच्यात आम्ही नकाशे आणि जुने हजेरीपट ठेवतो. शिकवता शिकवता मधेच वाटतं, त्या खोलीत कुणीतरी बसलं आहे. जाऊन बघतो तर कुणी नसतं. परत येऊन खडू उचलतो आणि पुन्हा वाटतं. शाळेचं काम फार झालं, दुसरं काय.

सर्वांस यथायोग्य. लहान भावाचं चुकलंमाकलं पोटात घाल.
तुझा,
वर्धमान

॥ श्री ॥
निपाणी
१६ नोव्हेंबर १९३१

चि. वर्धमान यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

दिवाळी झाली, एवढंच म्हणायचं. हे तिला घेऊन आले तेव्हा तुझी चिठ्ठीसुद्धा बरोबर नव्हती.

हे सांगतात ते असं. कोट घालून, रुमाल बांधून हे तुझ्या वर्गाच्या दारात उभे राहिले. प्रेमलाने यांच्याकडे एकदा बघितलं, डोक्याभोवती बोट फिरवलं, पाटी उचलली आणि आतल्या खोलीत निघून गेली. तिच्यामागून ती नागू गेली आणि पायाने अधू असलेला एक मुलगाही लंगडत गेला. कुणी त्यांना जा म्हटलं नव्हतं. हे म्हणतात, बापाला बघून पोर लपते, हे असलं शिकवायला पाठवलं होतं काय. तू तिथेच उभा होतास आणि तुझ्या तोंडून शब्द फुटला नाही, असंही म्हणतात.

आता घरचं ऐक. दारात पाहुणा आला की ती आपलं ताट उचलून कोठीत जाते आणि दार ओढून घेते. आपल्या जैन बस्तीतले पंडित आले तेव्हा गेली. कासारीण बांगड्या भरायला आली तेव्हाही गेली, आणि बांगड्यांसाठी हीच पोर माझा जीव खायची. जाताना डोक्याभोवती बोट फिरवते, मग ओठांवर बोट ठेवते. वर्धमान, जिने जन्मात आवाज केला नाही तिला ओठांवर बोट ठेवायला कुणी शिकवलं?

दार उघडावं तर पाटी मांडीवर घेऊन ताठ बसलेली असते. माझ्याकडे बघते आणि मी तिची कुणी नाही असं मला वाटतं. मी तुझ्याकडे पाठवलेली पोर तिकडेच कुठेतरी राहिली आहे. मला भीती वाटते. काय झालं ते खरं लिही.

उत्तराची वाट बघते आहे.
राजमती

॥ श्री ॥
शिरगुंडी
२१ नोव्हेंबर १९३१

ती. सौ. आक्का हिचे चरणी,
नमस्कार.

दिपोटींच्या दिवशी कच्ची मुलं वर्गात ठेवायची नाहीत, ही रीत मी नोकरीला लागलो तेव्हापासून बघतो आहे. हजेरीपटावर आजारी लिहायचं आणि शेताकडे पिटाळायचं. निकालाचा आकडा वर जातो. दहा वर्षं मी हेच केलं आणि त्यात काही वाईट आहे असं एकदाही मनात आलं नाही. यंदा तिघं होती. नागू बोलताना अडखळते, मष्णू पायाने अधू, आणि तिसरी आपली प्रेमला.

ती दोघं शेतावर गेली. हिला एकटीला कुठे पाठवायचं, म्हणून नकाशांच्या खोलीत बसवली. डोक्याभोवती बोट फिरवून रुमालवाल्या साहेबांची खूण केली, पाटीवर 'दिपोटी' असा शब्दही लिहून दाखवला. नवा शब्द शिकवायची संधी मी तेव्हाही सोडली नाही. मग ओठांवर बोट ठेवलं. नवा परकर घालून, केसांत अबोली माळून आली होती ती. साहेबांना अक्षर दाखवायचं तिच्या मनात होतं.

बाहेरून कडी मी घातली. साहेब दुपारी जायचे, ते पाटलांकडे जेवायला थांबले आणि मी त्यांच्या मागेमागे होतो. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून धावत घरी आलो, पाटावर बसलो, तेव्हा तिसरं ताट दिसलं. तुझ्या भावजयीला वाटत होतं, पोर माझ्याबरोबर आहे. सकाळी सातपासून ती आत होती, आक्का. पाण्याचा थेंब नाही. तिने दार ठोठावलं असतं तर शेजारच्या वर्गाला ऐकू गेलं असतं. मी गप्प राहा म्हटलं होतं, म्हणून ती गप्प राहिली.

ती हे कुणाला सांगू शकत नाही, ते बरं झालं, असं मला त्या रात्री वाटलं होतं. याची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते.

दाजी आले तेव्हा मी का बोललो नाही, ते आता तुला कळेल. दारात कुणीही दिसलं की नागू आणि मष्णू अजूनही उठतात. मी बसा म्हणतो, ती बसतात, पण डोळे त्या खोलीकडे असतात. रोज शाळा सुटली की मी खोली उघडून चारी कोपरे बघतो आणि मगच घरी जातो.

हे पत्र दाजींना दाखव. तिला परत पाठवा असं म्हणायला मला तोंड नाही, तरी म्हणतो.

तुझ्या मायेवर आता माझा हक्क उरला नाही.
वर्धमान

॥ श्री ॥
निपाणी
३ डिसेंबर १९३१

चि. वर्धमान यास,
आशीर्वाद.

पत्र यांना वाचून दाखवलं. माझा राग अजून गेलेला नाही आणि एवढ्यात जाणारही नाही. मी एकच मागितलं होतं तुझ्याकडे.

परवा प्रेमलाने मला दोन बोटांचा चष्मा करून दाखवला आणि कागद मागितला. कोठीत बसून दोन ओळी लिहिल्या. मी तो कागद वखारीत नेऊन यांना दिला. यांनी उभ्याउभ्या वाचला, पुन्हा वाचला. पोरगीला लिवाय येतंय की, एवढंच म्हणाले, आणि बराच वेळ पानांच्या ढिगाकडे बघत राहिले. संध्याकाळी सासूबाईंसमोर सांगितलं, अट पुरी झाली, सोमवारच्या मोटारीने मी स्वतः सोडून येतो.

पण आता तीच येत नाही. मी ट्रंक भरली, तिने कपडे काढून पुन्हा खुंटीला लावले. कागदावर बोट ठेवते आणि माझ्याकडे बघते. तिला आधी उत्तर हवं आहे. मी होय लिहिलं तर ते खोटं, कारण साहेब पुढच्या वर्षी पुन्हा येणार. नाही लिहिलं तर ती जन्मभर कोठीत बसेल. हे उत्तर माझं नाही, तुझं आहे. विचार करून लिही, कारण ती वाचते, आणि तू लिहिलेलं तेवढंच खरं मानते.

तिचा कागद सोबत पाठवते. माया आटलेली नाही, दुखावली आहे, एवढं समज.
तुझी आक्का,
राजमती

मामा
दिपोटी गेला?
प्रेमला बाहेर येऊ?