दहा लाख नऊ

३ मार्च

मेंदूचा डॉक्टर म्हणतो, "आजी, शंभरातून सात वजा करत चला." मला! गणिताचा क्लास चालवता चालवता केस पांढरे झाले माझे. झटका डाव्या हाताला आलाय, डोक्याला नाही! म्हटलं, मोठी संख्या द्या. त्यानं हसत लिहून दिली – १०,००,००९.

गाडीत मुलगा म्हणाला, "आई, क्लास बंद कर आता. मुलांना चुकीचं शिकवलंस तर?" तर? लावली पैज. ही संख्या मूळ आहे की कशानं तिला भाग जातो, ते मी हाताने काढणार. चुकले तर क्लास बंद. जिंकले तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. उत्तर त्यानं मोबाइलवर पडताळायचं.

४ मार्च

हजाराच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहायचं. त्यापुढे गरज नाही. सातला बाकी ३. अकराला १०. सतरानं तर हुलकावणीच दिली – बाकी १!

सूनबाई चहा ठेवून गेली. "आई, जरा पडा ना." पडायला काय, पुढे आहेच की!

७ मार्च

डोळे चुरचुरतात. चारशेच्या पुढे गेले.

११ मार्च

९९७ सुद्धा झाला. कशानंही भाग जात नाही. मूळ आहे! मुलानं मोबाइल पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "बरोबर आहे, आई." सूनबाईनं टाळ्या वाजवल्या. आता बोला म्हणावं!

१४ मार्च

क्लास सुरू. खडू उजव्या हातात, डावा खिडकीच्या कठड्यावर. पोरं नेहमीसारखीच दंगेखोर. कोणी मला जपून वागवलं नाही, फार बरं वाटलं.

उद्या फळ्यावर माझी संख्याच घेणार. हजाराचा वर्ग अधिक तीनचा वर्ग. मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता आली, तर एकाच रीतीने येते. दुसरी रीत शोधा म्हणेन, बसतील डोकं खाजवत.

१५ मार्च

निघण्याआधी सहज स्वतःच शोधत बसले. ९७२ चा वर्ग वजा केला, ५५२२५ उरले. शेवटी पंचवीस, आधी ५५२ – म्हणजे तेवीस गुणिले चोवीस. २३५ चा वर्ग! दुसरी रीत निघाली. म्हणजे मूळ नाहीच!

जुने कागद काढले. २९३ ला चुकले होते. १२१० वजा ११७२ – ३८ च्या जागी मी ४८ लिहिलेत. नाहीतर भाग पुरा जातो, ३४१३ वेळा.

आणि हा म्हणाला, बरोबर आहे! मला!

त्याच्या खोलीत जाऊन सांगितलं – पैज मी हरले. क्लास आजपासून बंद. तुझ्या दयेवर एक तास घेणार नाही. "तू इतकी खूश होतीस गं," म्हणाला, आणि रडायला लागला. त्याला म्हटलं थांब जरा. त्याच्याच टेबलावर बसून २९३ गुणिले ३४१३ केलं, हाताने.

दहा लाख नऊ. एकही खाडाखोड नाही.