कानाचं मशीन, रविवारी

आबा, आज ऑफिसातला माझा जुना कॉम्प्युटर काढून नवा बसवला. बसवायला आलेल्या माणसानं विचारलं, "मॅडम, ही ब्राउझरमधली कामांची यादी नव्यावर घ्यायची का पुसायची? लई जुनं जुनं पडलंय हितं." मी म्हटलं, थांबा, एकदा बघते. बघत बघत पार खाली गेले आणि राहिलेल्या कामांत तुम्ही सापडलात. "आबा, कानाचं मशीन, रविवार." तुम्हाला जाऊन आता दहा वर्षं झाली.

हे यादीचं प्रकरण तुम्हाला सांगायला हवं. बारामतीच्या कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाचं काम माझ्याकडे आलं तेव्हा टेबलावर चिठ्ठ्यांचा नुसता पसारा असायचा. मग एका मैत्रिणीनं ब्राउझरमध्ये एक ॲड-ऑन बसवून दिलं. इंटरनेट उघडलं की कोपऱ्यात छोटी चौकट येते. तिच्यात काम लिहायचं, वार आणि वेळ घालायची, की त्या वेळेला टिंग करून वाजतं. झालं तर बरोबरची खूण करायची, नाही झालं तर पुढच्या वारावर ढकलायचं. मी इतकी खूश झाले की घरचीही कामं त्यात घालायला लागले. गॅसचा नंबर, मुलीच्या वह्या, सासूबाईंच्या गोळ्या, सगळं त्यात. तुम्ही बघितलं असतंत तर हसला असतात, कारण तुमच्याकडे असलं काही नव्हतं आणि तुमचं कधी काही राहिलं नाही.

तुम्ही पाटकरी. कालव्याला पाणी सुटलं की कुणाच्या रानाला कोणत्या दिवशी, किती वाजता पाणी, हे पणदऱ्यात तुम्ही घरोघरी जाऊन सांगायचात. सायकल भिंतीला टेकवायची, हाक मारायची, "तात्या, बुधवारी सकाळी आठला तुमचं पाणी हाय," आणि तिथून हलायचं नाही. समोरचा "व्हय व्हय" म्हणाला तरी नाही. "नुसतं व्हय नगं. वार सांगा, वेळ सांगा." त्याच्या तोंडून वार आणि वेळ आली की मगच पायडलवर पाय. लोक थट्टा करायचे, मास्तर आला पाढे म्हणून घ्यायला. मी सातवीत असताना तुम्हाला ताप होता म्हणून एका घरी मला पाठवलंत. मालक रानात गेलेला, अंगणात त्याची म्हातारी आई शेंगा फोडत होती. तिला सांगून मी पळत घरी आले. म्हातारी विसरली आणि त्याचं पाणी चुकलं. पुढची पाळी येईपर्यंत त्याच्या नव्या लागणीच्या उसानं माना टाकल्या. तुम्ही मला मारलं नाहीत. चुलीपुढे भाकरी मोडता मोडता एवढंच विचारलंत, "सांगून आलीस का टाकून आलीस?" मी रडत म्हणाले, सांगितलं होतं की. "त्यानं ऐकलं का ते बघितलंस? न्हाय ना. मग टाकून आलीस." आणि अंगात ताप असताना त्याच्या घरी जाऊन, चूक माझी हाय, असं सांगून आलात.

रिटायर झाल्यावर तुमचे कान गेले. पहिल्यांदा आम्हाला गंमतच वाटायची. मग तुम्ही पारावर बसणं सोडलंत, कारण माणसं हसली तरी का हसली ते तुम्हाला कळत नव्हतं. आम्ही आलो की तुम्ही माझ्या मुलीच्या तोंडाकडे बघत बसायचात. ती तास तास बडबडायची आणि जरा थांबली की तुम्ही "व्हय व्हय" म्हणायचात. ज्या "व्हय"वर तुम्ही जन्मभर विश्वास ठेवला नाहीत, तेच तुमच्या तोंडी आलं होतं. त्या दिवाळीत आम्ही निघालो तेव्हा तुम्ही गाडीच्या खिडकीशी आलात. "बारामतीत कानाचं मशीन मिळतं म्हनं. यकदा नेतीस का? पोरगी काय बोलती ते कळंना झालंय मला." तुम्ही माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतंत. मी ओरडून म्हटलं, नेते की, रविवारी नेते. सुट्टी संपल्यावर ऑफिसात जाऊन यादीत घातलंही.

पण ती यादी फक्त ऑफिसच्या कॉम्प्युटरवर होती, आणि ऑफिस रविवारी बंद. सोमवारी कॉम्प्युटर लावला की तुमची ओळ लाल होऊन पुढ्यात उभी. मी चुकचुकायचे, पुढच्या रविवारवर ढकलायचे आणि चहा मागवायचे. यादीत आहे ना, मग होईलच, असं वाटून जीव निवांत व्हायचा. रविवारी आम्ही इंदापूरला सासरी जायचो. पणदरं बारामतीहून जेमतेम अर्ध्या तासावर, पण तिकडे गाडी वळली नाही. मध्ये एकदा तुम्ही फोनवर विचारलंत, "रविवार कंचा?" मी म्हटलं, येता रविवार. तुम्हाला ऐकू गेलं नाही. "व्हय व्हय," म्हणालात आणि फोन ठेवलात. उन्हाळ्यात एका मंगळवारी दुपारी जेवून आडवे झालात ते उठला नाहीत. माझ्या लेकीनं तुमच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी सांगितलं, बराच वेळ सांगत होती. मला तिथं उभं राहवेना. पुढच्या सोमवारी ती ओळ पुन्हा लाल झाली. झाल्याची खूण करवेना, पुसवेना. शेवटी मी तिचा वार काढून टाकला, म्हणजे वाजणार नाही.

घरात सगळ्यांना मी सांगितलं, बघा ना, त्या मेल्या यादीनं घोळ केला, रविवारी वाजलीच नाही. सगळ्यांनी मान डोलावली. नवरा म्हणाला, तू तरी काय करणार. गेली दहा वर्षं मी हेच सांगत आले आणि मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला तेवढं खरं लिहिते. यादी रविवारी वाजत नाही, हे मला दुसऱ्याच सोमवारी कळलं होतं. शनिवारी आमचं ऑफिस अर्धा दिवस असतं. रविवारचा शनिवार करायला दोनदा बोट दाबलं की झालं असतं. मी दाबलं नाही. दवाखान्यात चार माणसांत तुमच्याशी ओरडून, एकच गोष्ट तीन-तीनदा बोलावी लागली असती, आणि मला त्याचा कंटाळा आला होता, आबा.