करंगळीचं तिकीट

बाभुळगाव,
१२ डिसेंबर २०१८

ती. भीमराजमामांस भाचा धम्मरत्नचा सप्रेम जयभीम.

गुडघा कसा आहे? मामी सांगतात म्हणून तरी तेल लावता की नाही? इकडे आई ठणठणीत असून रोज वेचणीला जाते आणि माझं काडीचं ऐकत नाही. तुमच्या भाच्यानं मात्र परवा मैदान मारलं, ते सविस्तर सांगतो. बसून वाचा.

आमच्या कापूस खरेदी केंद्रावर मुंबईहून एक जाडजूड पुस्तक आलं, आयटीआयएल नावाचं. (आयटीआय नव्हे मामा, पुढं एल आहे. वायरमनचा काही संबंध नाही.) मोठ्या कंपन्या कॉम्प्युटरचं काम चोख कसं चालवतात, त्याचे नियम. मुख्य नियम असा, की तक्रार आली की नंबर टाकून तिकीट द्यायचं, आणि तक्रारदारानं स्वतः ‘झालं’ म्हटल्याशिवाय ते बंद करायचं नाही. मी फळ्यावर ‘तिकीटवाटप सुरू’ असं लिहिलं, तर दुपारपर्यंत निवडणुकीला उभे राहू इच्छिणारे चार जण पांढऱ्या कपड्यांत हजर! त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. जिल्ह्याच्या साहेबांनी बजावलं होतं, तपासणीच्या दिवशी एकही तिकीट उघडं दिसलं तर माझं ऑपरेटरचं कंत्राट मार्चमध्ये संपलं समजायचं.

मी सगळी बंद केली, एक सोडून. ते तांड्यावरच्या रुपीबाईंचं. नोंदणीच्या मशीनवर त्यांचा अंगठाच उमटेना. जन्मभर कापूस वेचून रेषा झिजल्या. बोंडअळीतून वाचलेला कापूस घेऊन त्या तीनदा आल्या आणि तीनदा तसाच परत नेला. मी म्हटलं, याडी (त्यांच्या बोलीत आई), तिकीट तात्पुरतं बंद करू द्या. त्यांनी ते पदराच्या गाठीत बांधलेलं. म्हणाल्या, “उतरल्याबिगर तिकीट देते काय कोनी? रस्त्यात चेकर आला त?” जो नियम मला आठ दिवस पाठ होत नव्हता, तो त्यांना एसटीनं कधीच शिकवला होता. (शिवाय तिकीट बंद करायलाही मशीनवर त्यांचाच अंगठा हवा! पुस्तक लिहिणारे कधी तांड्यावर आलेले दिसत नाहीत.)

तपासणीच्या दिवशी साहेब खुर्चीत बसले, रुपीबाई चौथ्यांदा समोर उभ्या, आणि मला युक्ती सुचली. भरल्या रांगेसमोर मी ओरडलो, “याडी, करंगळी दाखवा!”

रुपीबाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “मले नाई लागली, बापू. मी घरूनच जाऊन आली. तुले लागली असन त जाऊन ये, मले कायले इचारतं?”

मामा, साहेबांचा चहा शर्टावर सांडला. हसू ओसरल्यावर मी रुपीबाईंची डावी करंगळी मशीनवर टेकवली आणि हिरवा दिवा लागला! वेचताना करंगळीला फारसं काम नसतं, म्हणून तिच्या रेषा शाबूत. कापूस काट्यावर चढला. रुपीबाईंनी गाठ सोडून तिकीट माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, “आता उतरली मी.” खरं सांगतो, मला भरून आलं. साहेबांनी ‘करंगळी पद्धत’ सगळ्या केंद्रांना कळवली, माझं कंत्राट दोन वर्षांसाठी वाढवलं, आणि रविवारी यवतमाळला माझा सत्कार आहे. शाल, नारळ, फोटो, सगळं.

आपला विजयी भाचा,
धम्मरत्न

ता. क. युक्ती मला सुचली, हे तितकंसं खरं नाही. आदल्या दिवशी जेवताना मी रुपीबाईंचं रडगाणं गात होतो, तर आई म्हणाली, “मी त सालभरापासून रेशन करंगळीनंच आणून राह्यली.” दिवसभर तसल्याच अंगठ्याच्या मशीनपुढं बसणाऱ्या तिच्या मुलाला पत्ता नाही. आणि अहवालात ‘उपाय कोणी शोधला’ या रकान्यात मी माझंच नाव लिहून मोकळा झालो.

ता. ता. क. म्हणून काल मी माझ्याच विरुद्ध तिकीट उघडलं. नंबर ११३, ‘रकान्यात चुकीचं नाव’, तक्रारदार मथुराबाई, म्हणजे आमची आई. साहेबांनाही सांगितलं, सत्कार आईचा व्हायला हवा. पण आई म्हणते, रविवारी वेचणी आहे, मी येत नाही. तुम्ही तिचे थोरले भाऊ, तुमचं ती ऐकेल. गुडघ्याला तेल लावा, शनिवारीच या आणि तिला हाताला धरून यवतमाळला आणा. तिची करंगळी लागल्याशिवाय हे तिकीट बंद होणार नाही.