खाऱ्या पाण्यातली मासोळी

लोणार, १४ जून १९६३

प्रिय विमल,

मॅट्रिक पास झाल्याचं तुझं कार्ड मिळालं. तुझ्या बाबांनी ते दोनदा वाचलं आणि बंडीच्या खिशात ठेवलं. परीक्षेनंतर तू कॉलेजचं नाव काढलंस, भांडण झालं, आणि तू रडत खामगावला मामाकडे गेलीस. तेव्हापासून तुझा विषय निघाला की ते उठून गोठ्यात जातात. जानेफळच्या पाहुण्यांना तुला बघायला यायचं बोलावणंही गेलं होतं. हे तुला ठाऊकच आहे. मुंबईत काय झालं ते मात्र मलाच सांगावं लागेल, कारण ते स्वतः सांगायचे नाहीत.

आठवतं का, पाचवीत असताना तू मोठ्यानं वाचत होतीस, की समुद्राचं पाणी खारं असतं आणि त्यात मासेच मासे असतात. बाबा हसले. आपलं तळं खारं, त्यात एक तरी मासोळी दाखव म्हणाले. तू म्हणालीस, तळ्याचा खार वेगळा, समुद्राचं मीठ वेगळं. वेगळं कसं विचारलं, तर म्हणालीस, ते कॉलेजात शिकवतात, गुरुजींनी सांगितलंय. झालं. त्या दिवसापासून कॉलेज म्हणजे पोरींना बापापुढे थापा मारायला शिकवायची जागा, असं त्यांनी पक्कं करून टाकलं. यंदाच्या भांडणातही तेच काढलं, "खाऱ्या पाण्यात मासोळ्या पोसणारी विद्या माह्या पोरीले नाही पाहिजे."

मे महिन्यात तुझ्या भाच्याला बघायला आम्ही मुंबईला तुझ्या दादाकडे, मोतीरामकडे गेलो. एका दुपारी बाळाला खांद्यावर घेऊन तो आम्हा सगळ्यांना समुद्रकाठच्या मत्स्यालयात घेऊन गेला. आत अंधार, आणि उजेड फक्त काचेमागच्या पाण्यात. हळदीसारखे पिवळे मासे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे, परातीएवढं कासव. आपल्याकडे मासा शिजत नाही, पण डोळ्यांना कसलं आलंय सोवळं? मी मनसोक्त बघितलं. बाबा मात्र हात मागे बांधून बैलबाजारात फिरावं तसे फिरत होते. मोतीराम म्हणाला, हे समुद्राचं पाणी आहे. तर म्हणाले, "विहिरीचं हाये. शहरातले लोक आपल्याले बनवून राह्यले."

तेवढ्यात मागच्या दारातून एक कामगार बादली घेऊन आला. बाबांनी त्याला अडवून पाणी कुठलं ते विचारलं. समोरच्या समुद्राचं, तो म्हणाला. तर या माणसानं, जो परक्या घरी पाण्याला शिवत नाही त्यानं, बादलीत बोट बुडवून जिभेवर ठेवलं. तोंड वाकडं केलं आणि पुन्हा बुडवलं. मग हळूच म्हणाले, "खारं हाये. पण तळ्यावानी नाही. तळ्याचं पाणी जिभेले साबणावानी लागते. हे निरं मीठ हाये."

विमल, अगं शब्द तुझेच होते. पाचवीतल्या पोरीचं म्हणणं त्यांच्याच जिभेनं खरं केलं. मला इतका आनंद झाला की पदर तोंडावर धरून मी पोटभर हसून घेतलं. ते मात्र पहिल्या काचेपाशी परत गेले आणि सगळे मासे नव्याने बघून आले. आता एस.टी. स्टँडवरच्या हॉटेलात समुद्राबद्दल तेच लोकांना शिकवतात. कचरू न्हाव्यानं शंका काढली तर त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

हे पत्र मामाला आजच दाखव. जानेफळकरांना बाबांनी काल नकार कळवला, कारण दिलं नाही. तू ट्रंकेत ठेवलेला कॉलेजचा अर्ज सापडत नव्हता ना, तो त्यांनीच उचलला होता. आज सकाळी तो काढून इतकी दाबून सही केली की कागद फाटता फाटता राहिला. तो सोबत पाठवते आहे, लगेच भर. पोरीला दोन शब्द तुम्हीच लिहा म्हटलं, तर उगाच जोडा झटकत बसले. शेवटी दारातून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिले लिव्ह, तळ्यात मासोळी काऊन नाही, ते शिकून ये अन् मले सांग."

तुझीच,
आई