टेपचं दुसरं टोक

शनिवार, ११ ऑक्टोबर २००३, पार्सिपनी

केतकीचा हेवा वाटला आज. फार वाटला. दोघी पुण्यात एकाच वर्गात आर्किटेक्ट झालो. तिला इथे नोकरी आहे. मी नवऱ्याच्या व्हिसावर, कामाची परवानगी नाही.

आणि तिच्या ऑफिसला दुरुस्तीचं काम मिळालं ते नेमकं माझ्या चर्चचं! रोज फिरायला जाते तिथलं, डच प्रोटेस्टंट शेतकऱ्यांनी बांधलेलं, तपकिरी दगडाचं. आता आजूबाजूला सगळे आयरिश, इटालियन कॅथलिक. त्यांच्या चर्चला पार्किंग मिळत नाही, इथे रविवारी मूठभर माणसं. मूर्ती नाही, रंगीत काच नाही. समोर वेदीच्या जागी प्रवचनाचं उंच व्यासपीठ. किती आवडतं मला ते!

"मापं घ्यायचीत, टेप धरायला येतेस का यार?" केतकीने विचारलं. गेले. दुपारभर टेपचं टोक धरून उभी, आकडे लिहिणार ती. जमिनीच्या फळ्या कापून वरच्या बाकांच्या गॅलरीचे खांब बसवलेत, म्हणजे गॅलरी मागाहून घातलेली. तिला दिसलं नाही. मी सांगितलं नाही. का सांगू?

चर्च सांभाळणाऱ्या आजीबाईंनी मला विचारलं, "तूही आर्किटेक्ट का?"

"होती," केतकीच परस्पर म्हणाली.

टेपचं टोक हातातून सुटलं.

"आहे," मी म्हणाले. प्रवचन शेवटच्या बाकापर्यंत पोचावं म्हणून बांधलेली जागा ती. केवढ्यांदा घुमलं!

मग केतकीला खांबाजवळ नेलं, कापलेल्या फळ्या दाखवल्या. ती वाकून बघत राहिली. मग तिने पेन्सिल माझ्यापुढे धरली.

घेतली मी. हेवा काही गेला नाही.